घरावर पवनचक्की बसवायची म्हणताय? आधी वारा मोजा

साताऱ्याचा असल्यामुळे लग्न, बारसं, कुठेही गेलो की कुणीतरी विचारतंच, अरे तुमच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर, एवढे पंखे फिरतायत, मग घराच्या स्लॅबवर एक छोटा बसवायला काय जातंय, महावितरणचं बिल तरी वाचेल. वर व्हॉट्सअ‍ॅपवर तो जुना फॉरवर्ड फिरत असतोच, पन्नास हजारात आयुष्यभर फुकट वीजवाला. परवा मामानेपण तेच विचारलं म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

माझं मत सरळ आहे. गावात, शहरात, घराच्या स्लॅबवर पवनचक्की म्हणजे पैसे पाण्यात. सड्यावर, उघड्यावर, तेही सोलरच्या जोडीला असेल तर मात्र मजा आहे.

वाऱ्याचा हिशोब आपल्या अंदाजाने चालत नाही. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते, आणि निम्मा झाला की एक अष्टमांशच उरते. समजा २ मीटर व्यासाचा पंखा आहे, त्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. सेकंदाला ३ मीटर वारा असेल, म्हणजे झाडाची पानं सळसळतायत एवढाच, तर यातून हातात येतात १०-१२ वॅट. एक एलईडी बल्ब. ६ मीटरला नव्वदच्या आसपास, आणि १२ मीटरला साडेसातशे. आता विकणारे बॉक्सवर जो आकडा छापतात तो बहुतेक वेळा या ११-१२ मीटरचाच असतो, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या पुढचा वारा, ज्यात छत्री उलटी होते. तुमच्या अंगणात वर्षातून किती वेळा छत्री उलटी होते ते बघा आणि ठरवा. आणि कुणी म्हणालं की आमची टेक्नॉलॉजी वेगळी आहे, वाऱ्यातली ऐंशी टक्के ताकद काढतो, तर तिथून उठून यायचं, कारण बेट्झ नावाच्या जर्मन माणसाने १९१९ मध्येच दाखवून दिलंय की ५९.३ टक्क्यांच्या वर काढताच येत नाही, आणि घरगुती यंत्रं त्याच्याही निम्म्यावर आली तरी चांगली म्हणायची.

मग सड्यावरचे पंखे कसे चालतात? अहो वनकुसवडे-चाळकेवाडीचं पठार समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास उंच, त्यावर तो उंच टॉवर, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नाही. खाली गावात तोच वारा घरं, आंबे, नारळ, शेजाऱ्याची पाण्याची टाकी यांना आपटत येतो आणि नुसता गरगरतो. पंख्याला असला वारा चालत नाही, तो सारखा तोंड फिरवत बसतो, वीज काही बनवत नाही. साधा नियम असा की शंभर मीटरच्या आत जे काही सगळ्यात उंच असेल त्याच्याही वर दहा मीटर पंखा हवा. दुमजली घर आणि बाजूला नारळ असेल तर टॉवर केवढा होतो बघा, त्याचा खर्च यंत्रापेक्षा जास्त.

इंग्लंडमध्ये २००७-०८ ला घरांवर, इमारतींवर बसवलेल्या अशा २६ पंख्यांची वर्षभर मोजणी झाली होती, वॉरविक ट्रायल म्हणतात. बंद असलेले दिवस धरून एका पंख्यामागे दिवसाला सरासरी २१४ वॅट-तास. पाव युनिटसुद्धा नाही! आणि काही ठिकाणी तर त्याचं इलेक्ट्रॉनिक्सच बनवलेल्या विजेपेक्षा जास्त वीज खात होतं.

माझ्या एका मित्राने ऐकलं नाही, स्लॅबवर पाईप उभा करून बसवला. दिसायला झकास. पण रात्री वारा सुटला की खालच्या बेडरूमच्या भिंतीत एक घुंSS असा आवाज उतरायचा, भिंतीला तळहात लावला तर थरथर कळायची, कपाटातल्या स्टीलच्या डब्यांची झाकणं वाजायची. वहिनींनी दुसऱ्याच आठवड्यात तो बांधून ठेवायला लावला.

बिलच कमी करायचं असेल तर सोलर घ्या, विषय संपला. आपल्याकडे १ किलोवॉट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, वरचा २ मीटरचा पंखा बऱ्यापैकी वाऱ्याच्या जागीसुद्धा एक-सव्वा युनिट. शिवाय २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० सबसिडी आहे.

पण सड्यावरच्या धनगरवाड्याची गोष्ट वेगळी. जून ते ऑगस्ट तिथे धुकं आणि ढग, सोलर पॅनेल नुसतं भिजत बसतं, लाईट गेली की लवकर येत नाही, आणि नेमका तेव्हाच वारा वेड्यासारखा सुटलेला असतो. तिथे पॅनेल, छोटा पंखा आणि बॅटरी अशी जोडी खरंच जमते, कारण एक थकतं तेव्हा दुसरं कामाला लागतं. तरीपण आधी हजार-दोन हजाराचा वारा मोजायचा मीटर आणा, बांबूवर चढवा, पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातला दोन्ही वारा बघा.

आणि ज्यांना बनवायचाच आहे त्यांनी स्कॉटलंडच्या ह्यू पिगट यांची पद्धत बघा, लाकडाची पाती हाताने तासायची, निओडिमियमची जबर ताकदीची चुंबकं, तांब्याच्या तारेची वेटोळी, या दोघांचाच जनरेटर. आपल्याकडे ऑरोव्हिलला या पद्धतीने पंखे बनवलेत. असा जनरेटर हातात घेऊन नुसता फिरवला की भिंगरीसारखा फिरतो, पण त्याच्या तीन वायरी एकमेकींना चिकटवा आणि मग फिरवा, एकदम जड, हलतच नाही. हाच त्याचा ब्रेक, म्हणून तीन वायरींना जोडणारा एक स्विच खाली हाताला येईल असा ठेवायचा, पण तो वादळ यायच्या आधी टाकायचा, पंखा भन्नाट सुटल्यावर टाकला तर वेटोळी जळू शकतात. टॉवर बिजागरीवर आडवा करता येईल असाच करा, दुरुस्तीला वर चढायची वेळ आणू नका. आणि ती चुंबकं एकमेकांजवळ नेताना बोटं सांभाळा, पोरांना तर लांबच ठेवा.