तुम्ही विचारलंत म्हणून: भौतिकशास्त्रज्ञाचे सीटी स्कॅनशी काय नाते?

"सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकलात, मग सीटी स्कॅनकडे कसे वळलात?" असे मला नातेवाईकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत बरेच जण विचारतात. मी मूळ वाट सोडली, असा समज त्यामागे असतो. मला मात्र तसे कधीच वाटले नाही, कारण पीएच.डी.साठी केलेल्या गणिताच्या आणि आजच्या कामाच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: वस्तू न फोडता, तिच्यातून बाहेर पडलेल्या किरणांवरून आत काय आहे हे किती खात्रीने सांगता येते?

सीटी स्कॅनमध्ये यंत्राच्या हाती लागतात ते केवळ आकडे. एका रेषेवर क्ष-किरण एकूण किती शोषले गेले, एवढेच प्रत्येक आकडा सांगतो. त्या रेषेवर हाड कुठे आणि मांस कुठे, हे त्यातून कळत नाही. अनेक दिशांनी घेतलेल्या अशा बेरजांवरून मूळ चित्र परत मिळवण्याचे गणित ऑस्ट्रियन गणितज्ञ योहान राडॉन यांनी १९१७ मध्येच मांडले होते.

ते ठाऊक नसताना केपटाउनमधील भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन कॉरमॅक यांनी हाच प्रश्न नव्याने सोडवला. १९५६ मध्ये ग्रूट स्खूर रुग्णालयातील किरणोत्सारी समस्थानिकांच्या वापरावर देखरेख करण्याचे काम त्यांच्याकडे आले होते आणि तिथेच त्यांना या प्रश्नाने गाठले. पडताळणीसाठी त्यांनी लाकडी कड्यात बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीतून गॅमा किरण सोडले. उत्तर जुळले, पण चकतीच्या मध्यभागी शोषण किंचित कमी दिसत होते. कार्यशाळेत चौकशी केल्यावर उलगडा झाला: चकती मिश्रधातूची होती आणि तिच्या मधोमध जवळजवळ शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची खुंटी ठोकलेली होती. प्रयोग करणाऱ्यालाही ठाऊक नसलेली गोष्ट समीकरणाने दाखवून दिली! माझ्या लेखी सिद्धान्ताची याहून मोठी कसोटी नाही. १९६३ आणि १९६४ मधील त्यांच्या निबंधांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही; १९७९ मध्ये मात्र, स्वतंत्रपणे यंत्र घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले.

आपल्याकडचे जी. एन. रामचंद्रन यांचे नाव प्रथिनांच्या रचनेमुळे सर्वांना परिचित आहे; पण १९७१ मध्ये त्यांनी आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी अशी प्रतिमा उभी करण्याची सुटसुटीत रीत दिली, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच सांगितले जाते, याची मला खंत वाटते. त्यांच्या नावाचा 'राम-लॅक' फिल्टर, म्हणजे चित्र उभे करण्याआधी मोजलेल्या आकड्यांवर करायची गणिती प्रक्रिया, आम्ही आजही वापरतो.

हा फिल्टर बारीक तपशील उठावदार करतो, पण त्याबरोबर मोजमापातला गोंगाट, म्हणजे आकड्यांतले यादृच्छिक चढउतारही वाढवतो. रुग्णाला किरणांची मात्रा कमी द्यावी, तर गोंगाट आणखी वाढतो. तो दाबण्यासाठी 'शेजारचे बिंदू बहुधा सारखेच असतात' यांसारखी गृहीतके गणितात घालावी लागतात आणि त्यांच्यामुळे एखादा खरा, बारीक डाग पुसला जाण्याची भीती असते. म्हणून प्रतिमेतला कोणता भाग मोजमापातून आला आणि कोणता आमच्या गृहीतकातून, हे वेगळे करून रेडिऑलॉजिस्टपुढे ठेवता येईल अशी रीत शोधणे, हे सध्या माझे मुख्य काम आहे.