मळू नको म्हणजे नको: मक्याच्या खाऱ्या स्कोनचा माझा अनुभव

लेक पुण्याला शिकते. मागच्या मे महिन्यात तिनं एक फोटो पाठवला. पिवळसर, तिकोनी, वरून भेगाळलेलं काहीतरी, आणि भेगेतून डोकावणारी हिरवी मिरची. खाली लिहिलेलं, ‘आई, हे स्कोन. मक्याचं आहे, गोड नाही, खारं. तुला येईल.’

स्कोन म्हणजे बिस्किट आणि पाव यांच्या मधला, भाजून केलेला विलायती पदार्थ. पण ‘तुला येईल’ म्हटलं की मी फसते.

आम्ही जालन्यात राहतो, माझं माहेर सिल्लोड तालुक्यातलं. तिकडं खरिपात कपाशी नाहीतर मका. दिवाळीच्या आगेमागे भावाच्या अंगणात मक्याचा ढीग असतो. पण खाण्यात मका म्हणजे पावसाळ्यात भाजलेलं कणीस, त्याला मीठ-लिंबू, संपलं. दळून पीठ कुणी करत नाही. बाकीचा मका व्यापाऱ्याकडं जातो. तिथून कोंबड्यांच्या खाद्याला, स्टार्चला, हल्ली इथेनॉललासुद्धा. ढिगावर लहानाची मोठी झालेली मी, आणि मक्याचं पीठ दिसतं कसं हेच मला माहीत नव्हतं. म्हणून दुकानातून कॉर्नफ्लोअरची पांढरी पुडी आणली.

ते पीठ नव्हेच. तो मक्यातला नुसता स्टार्च, मंचुरियनचा रस्सा दाट करायचा. त्याचे जे झाले ते खडूसारखे होते. सासूबाईंनी एक तुकडा मोडला, बोटं झटकली आणि म्हणाल्या, “ह्याच्यात मका कुठंय गं?”

मग भावाकडून पाच किलो मका मागवला. आमच्या गल्लीतला गिरणीवाला आधी तयारच होईना. गिऱ्हाइकांच्या ज्वारीत मका मिसळला तर बायका भांडायला येतात म्हणे. शेवटी दुपारी, सगळ्यांची दळणं उरकल्यावर, त्यानं दळून दिला. मी सांगितलं होतं, अगदी बारीक नको, रवाळ पाहिजे. चाळून जाड भरडा वेगळा काढला, त्याच्या कण्या झाल्या आणि त्या ताकात छान लागल्या. मक्याच्या दाण्यातल्या कोंबात तेल असतं, त्यामुळं हे पीठ ज्वारीच्या पिठाहून लवकर खवट होतं. उन्हाळ्यात पंधरा दिवसांत डब्याला वास यायला लागला, तेव्हा हे कळलं. आता किलोभरच दळते आणि फ्रीजमध्ये ठेवते.

पीठ मिळालं, तरी दुसरी खेप फुगलीच नाही. दोष बेकिंग पावडरचा. डबी कोपऱ्यावरच्या दुकानातली, किती दिवस तिथं पडून होती कुणास ठाऊक. अर्धी वाटी गरम पाण्यात चमचाभर पावडर टाकली की चुर्र करून फेस यायला पाहिजे. माझ्या वाटीत दोन बुडबुडे आले, तेही लाजत.

ज्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला ती गोष्ट मात्र सामानाची नव्हती, माझ्या हातांची होती.

आपण करंजीला मोहन घालतो ते कडकडीत. पीठ तेला-तुपात चोळतो, मुटका वळला की खूश. स्कोनलाही मोहनच लागतं, फक्त उलटं: बटर इतकं गार की बोटं बधिर व्हावीत. पिठात त्याचे बारीक कण अख्खे राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते, ती पिठाला उचलते आणि पदर सुटतात. मे महिन्यात जालन्यात पारा ४० च्या वर आणि स्वयंपाकघरात त्याहून उकाडा. बटर पिठात पडेपर्यंतच त्याचं तेल होत होतं. एकदा घरचं लोणी घालून पाहिलं. त्यात ताकाचा अंश फार, सगळं ट्रेभर पसरलं आणि त्याची एकच मोठी पोळी झाली.

दुसरं, मळणं. वीस वर्षं ज्वारीची भाकरी थापत आले. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून गरम पाणी घालून, तळहाताचा जोर लावून मळलं नाही तर भाकरी काठाला फाटते. मक्याचंही तेच, त्यातही चिवटपणा नाही. म्हणून तर स्कोनमध्ये निम्म्याहून जास्त मैदा घालावा लागतो. आणि मैदा मळला की तो चिवट होतो, स्कोनचा पाव होतो, तोही दगडासारखा. हे वाचून पाठ झालं होतं, पण परातीसमोर बसलं की हात आपोआप मळायला लागायचे. सासूबाई दारातून ओरडायच्या, “कामून मळायलीस? तूच म्हणाली ना मळायचं नाही!”

शेवटी परात सोडून मोठं पातेलं घेतलं, हात सोडून काटा घेतला. पातेल्यात मळताच येत नाही.

डिसेंबरात नवा मका आला, सकाळी थंडी पडायला लागली आणि जमलं. माप असं: १८० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम रवाळ मक्याचं पीठ, अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चमचाभर साखर, ९० ग्रॅम बटर, साधारण १५० मिलिलिटर घट्ट आंबट ताक. बटर खारं असेल तर मीठ चिमूटभरच. पहिल्यांदा हे विसरले आणि खारे स्कोन शब्दशः खारे झाले. मक्याचं पीठ आधी वीस मिनिटं ताकात भिजवायचं, नाहीतर दाताखाली कचकच येते. ताकाच्या आंबटपणाला सोडा लागतो, आणि ताक फारच ताजं, गोडसर असेल तर सोडा चवीला उरतो.

बटर रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून सकाळी किसणीवर किसायचं, ही युक्ती माझी. मैद्यात बेकिंग पावडर, सोडा, साखर मिसळून त्यात तो कीस बोटांच्या टोकांनी चोळायचा. मग कांद्याची पात, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर मेथी. मेथी धुऊन कोरडी करायची, ओली घातली तर पीठ सैल होतं. भिजवलेला मका ओतून काट्यानं जेमतेम गोळा करायचा. ओबडधोबड दिसला तर बरोबर. ओट्यावर काढून दोनदा पोळीसारखी घडी, हलक्या हातानं पाऊण इंच जाड थापायचं, धारदार सुरीनं आठ तुकडे. सुरी सरळ खाली दाबायची. करवतीसारखी ओढली की कडा चिकटतात, मग फुगत नाही.

ओटीजी, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन, १५ मिनिटं आधी २०० अंशावर तापवलेला, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू. १८ ते २० मिनिटं. मेथी आणि भाजलेल्या मक्याचा वास पार जिन्यात गेला. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं, “काय करायलीस गं?”

जानेवारीत एकदा दहा मिनिटं झाली आणि लाइट गेले. आमच्याकडं त्याचं नवल नाही, पण अर्धे कच्चे आठ तुकडे! फेकवेनात. बिडाचा तवा मंद आचेवर ठेवला, तुकडे मांडले, वर झाकण. दोन्ही बाजूंनी उलटून आणखी बारा-पंधरा मिनिटं. भाकरीसारखे डाग पडले, आत मऊ राहिले. मला वाटलं आपण जुगाड केला. नंतर कळलं, स्कॉटलंडमध्ये स्कोन मुळात असेच व्हायचे, चुलीवरच्या सपाट लोखंडी तव्यावर. ओव्हन घरोघरी नंतर आले. संक्रांतीला माहेरी गेले तर तिथं ओव्हन नाहीच, तवाच. वहिनीनं पहिल्याच खेपेला माझ्यापेक्षा हलके केले, कारण तिला मळायचा कंटाळा आहे.

खायला बटर-बिटर काही लागत नाही. शेंगदाण्याची चटणी, त्यात करडईचं कच्चं तेल. तव्यावरच्यांचा फोटो लेकीला पाठवला. लगेच उत्तर आलं, ‘आई, हे स्कोनसारखे दिसतच नाहीत.’ सासूबाईंना वाचून दाखवलं.

“इथं येऊन खा म्हणावं,” त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा तेलात बुडवला.