स्टेशनपलीकडचं पुणे

पुण्याचं कौतुक निघालं की आपण सवाई, पुरुषोत्तम करंडक, फार तर गणपतीतले ढोल, एवढ्यावर थांबतो. पुणे स्टेशनला लागून असलेला ताडीवाला रोड त्यात कधीच नसतो. रॅपर एमसी स्टॅन, म्हणजे अल्ताफ शेख, तिथला. लहानपणी कव्वाली गाणारा हा पोरगा रॅपकडे वळला, बीट स्वतः बनवायला शिकला आणि गाणी सरळ यूट्यूबवर टाकत गेला. मोठ्या कंपनीची वाट बघत बसला नाही. २०१८ मध्ये 'वाटा' हे गाणं, २०२० मध्ये 'तडीपार' हा अल्बम, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये थेट 'बिग बॉस १६'चा विजेता!

त्याच्या गाण्यांतल्या शिव्या मला खटकतात, बायकांबद्दलच्या तर फारच. पण वस्तीतली गरिबी, मारामाऱ्या, पोलीस, हे सगळं तो जसंच्या तसं मांडतो, म्हणून मी ऐकते.

आज संध्याकाळी भावाला गाडीत बसवून त्याच रस्त्याने चालत आले. गल्लीच्या तोंडाशी पोरं मोबाइलवर बीट लावून उभी. एकाच्या हातात शाळेची वही, मागची पानं खाडाखोडीने भरलेली. तो अडखळला की दुसरा बीट पुन्हा पहिल्यापासून लावायचा. कुणी हसलं नाही, कंटाळलं नाही. किती मन लावून चाललं होतं! स्टॅन हिंदीत गातो, या पोरांचं कडवं मात्र मराठीत होतं, पाण्याच्या टँकरवर. मी न राहवून टाळ्या वाजवल्या. "ताई, चॅनल काढतोय, सबस्क्राइब करा," वहीवाला म्हणाला.

काढलं की लिंक इथे टाकते. ऐका नक्की.