माहेरच्या बैलांबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

“मॅडम, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता आणि तुमच्या माहेरी अजून शर्यतीचे बैल? त्यांना त्रास होत नाही का हो?”

पुण्यात नोकरीला लागल्यापासून हा प्रश्न माझ्या मागं आहे. स्टाफरूममध्ये डबा उघडताना, मुलीच्या मैत्रिणीच्या आईकडून, लग्नात नव्यानं ओळख झालेल्या पाहुण्यांकडून. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा रोज कुणीतरी विचारायचं. डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टानं पुन्हा परवानगी दिली, तेव्हा लोक आधी अभिनंदन करायचे आणि त्याच दमात हे विचारायचे. मी दर वेळी एकच सांगत आले: आम्ही बैल पोटच्या पोरासारखे सांभाळतो. हे खोटं नाही. पण तुम्ही विचारलेलं ते नाही, आणि हे मला बरीच वर्षं कळतं आहे.

तरी सुरुवात सांभाळण्यापासूनच करते, कारण तिथं मी कुणापुढं मान खाली घालणार नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं. पाऊस बेताचा, जमीन ज्वारी-बाजरीची. माझे आजोबा, तात्या, यांचे औताचे बैलच यात्रेला पळायचे. आठवडाभर नांगर ओढायचा, यात्रेच्या दिवशी छकडा, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी. अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, हातात शेती आली तोवर गावात ट्रॅक्टर फिरायला लागले होते. औत सुटलं आणि गोठ्यात फक्त पळायचे बैल उरले. घरात कामं वाटलेली होती, ती कुणी बसून ठरवली नव्हती. अण्णा खोंड, म्हणजे तरणे बैल, पारखून आणायचे. बापू, माझे चुलते, छकड्यावर उभे राहायचे. दादा सुटायच्या जागी बैल धरून ठेवायचा. खुराक काकूकडं: भिजवलेला हरभरा, उडीद, पेंड, कणकेचे गोळे, थंडीत खारीक. मी लहानपणी महिनाभर तापानं पडले होते, तेव्हा घरात दुधाची ओढाताण होती. खोंडाचं दूध मात्र एक दिवस चुकलं नाही. आई हे कौतुकानं सांगायची, आणि मीही कौतुकानं ऐकायची.

माझ्याकडं खुरं होती. बैल फिरवून आणले की चारी पाय उचलून बघायचे, खडा असेल तर काढायचा, फट पडली आहे का ते चाचपायचं, तेल लावायचं. चार-साडेचारशे किलोचं जनावर शाळकरी पोरीच्या हातात स्वतःहून पाय देतं, याचं मला तेव्हा काही वाटायचं नाही. आता वाटतं. बेंदराच्या, आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळायला आजी हळद आणि लोणी घेऊन बसायची, पण त्या दिवशीसुद्धा खुरांना दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

हरण्या २००९ साली आला. खरसुंडीच्या पौषी यात्रेतून अण्णांनी आणलेला, तेव्हा आदत होता, एकही दात लागला नव्हता. कान सतत हलते आणि चमकायचा तर असा, की पत्रा वाजला तरी दावं तोडेल, म्हणून हरण्या. दुसा, म्हणजे दोन दातांचा, झाला त्या वर्षी दोन मैदानांत गट, म्हणजे पहिली फेरी, पास केला. चौसा, चार दातांचा, झाला तोवर लोक पैऱ्यासाठी, जोडी लावायला, घरी यायला लागले होते: तुमचा हरण्या आणि आमचा अमुक, एकत्र जुंपू.

आता जानेवारी २०११ सांगते. हे माहेरच्या एकाला सोडून आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा अर्धंच माहीत आहे.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीला घरी आले होते. आमच्याकडं बायका मैदानात जात नाहीत. तो दिवस अपवाद कसा झाला ते आठवत नाही, बहुतेक मी हट्ट केला असेल. मी जीपमध्येच बसून होते. सकाळी गट निघाला, दुपारी सेमी निघाली, दोन्हीत हरण्याची जोडी पुढं. सेमीनंतर तासाभरानं फायनल होती. हरण्याला बाभळीखाली बांधलं होतं. मी उतरले आणि रोजच्या सवयीनं खुरं बघायला बसले.

मागचे दोन्ही दिले. पुढचा डावा दिला. उजवा उचलून देईना.

हरण्यानं मला पाय नाकारल्याचं ती पहिलीच वेळ. मी खुराच्या वर हात ठेवला, तिथं डाव्यापेक्षा ऊन लागत होतं. सूज दिसत नव्हती. अण्णांना बोलावलं. त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितलं, दहा पावलं चालवून आणला. चालताना लंगडत नव्हता. “खडा लागला आसंल,” अण्णा म्हणाले. पैऱ्याचा दुसरा बैल ज्यांचा होता ते सांगलीकडून टेम्पो करून आले होते. ते बाजूला उभे राहून म्हणाले, “फायनल सोडायची हुती तर आदी सांगायचं.” भोवती पंधरा-वीस माणसं जमली. बापू म्हणाले, “पोरगी म्हणत्या तर बघा की नीट.” तेव्हा अण्णांनी माझ्याकडं वळून विचारलं, “खुरं तुझ्याकडं हायती. तूच सांग. पळंल का न्हाय?”

त्या घरात मला बैलांबद्दल कुणी काही विचारलं, तेही इतक्या माणसांदेखत, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. माझ्या तळहाताला अजून त्याचा ऊनपणा होता.

मी म्हणाले, “पळंल.”

तेव्हा का म्हणाले, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. मला खरंच खात्री नव्हती. चालताना लंगडत नव्हता. अण्णांना तीस वर्षांचा अनुभव, मी कोण? ही सगळी कारणं खरी आहेत. आणखी एक आहे: मलाही फायनल हवी होती. आमची जोडी पहिली येताना मला बघायची होती, आणि ज्या मैदानात मुलींना उभं राहता येत नाही तिथं माझ्या एका शब्दावर बैल सुटणार होता.

झेंडा पडला. अर्ध्या चाकोरीपर्यंत जोडी पुढं होती. मग हरण्या दबला, छकडा उजवीकडं ओढला जायला लागला. बापूंनी पराणी काढली, बैल हाकायची काठी. पराणीच्या टोकाला आर असते, लोखंडी. तेव्हा ती सगळ्यांकडं असायची. कुणी शेपूट पिरगळायचं, कुणी बॅटरीचा शॉक द्यायचं, आणि आमच्या घरात सगळे म्हणायचे की आम्ही त्यातलं काही करत नाही. मी जीपच्या बॉनेटवर उभी होते, मला स्पष्ट दिसलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. हरण्यानं वेग घेतला. दुसरा नंबर आला. निशाणाच्या पुढं वीसेक पावलांवर उजवा पुढचा पाय त्याच्याखाली दुमडला आणि तो तोंडावर गेला.

हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला असं गावात सांगतात. मला काही ऐकू आलं नाही, तिथं फार ओरडा होता.

गुरांचे डॉक्टर रात्री आले. गुडघ्याखालचं हाड होतं. एवढ्या वजनाचं जनावर तीन पायांवर महिनेच्या महिने काढू शकत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते बरोबर होतं. तीन दिवस आम्ही त्याला गोणपाटाच्या झोळीत धरून ठेवला. त्यानं खाणं सोडलं नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. माझ्या हातून कणकेचा गोळा खायचा आणि मी खाली वाकले की डावा पाय उचलू बघायचा.

चौथ्या दिवशी पहाटे टेम्पो आला.

तुम्ही माझ्या तोंडून काय ऐकलं आहे ते मला माहीत आहे: हरण्या गोठ्यात गेला, बांधावरच्या आंब्याखाली पुरला. दादा तेच सांगतो, अण्णाही अखेरपर्यंत तेच सांगत राहिले. असं सांगायचं कुणी ठरवलं नाही, खुरं माझ्याकडं आली तसंच हेही आपोआप झालं. तेव्हाच्या कायद्यात जनावर कामाचं उरलं नाही असा दाखला मिळाला की बैल कत्तलखान्यात नेता यायचा. ती वाट महाराष्ट्रात मार्च २०१५ मध्ये बंद झाली. २०११ मध्ये होती, आणि आम्ही ती धरली. आजीनं त्याच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. दादानं कासरा धरला. अण्णा बाहेर आले नाहीत. मी दाराआड उभी राहिले आणि टेम्पो वळणाआड जाईपर्यंत बाहेर पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या नंबरची ढाल अजून माजघरात आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारनं बैलांचा समावेश खेळासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत केला. पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१४ ला पूर्ण बंदी आली. तेव्हा मी काय केलं? मी पुण्यात, आमच्या कॉलनीच्या गणपतीत, व्यासपीठावर उभी राहून बंदीविरुद्ध बोलले. खिल्लार, आमच्या बैलांची जात, तिची गाय दूध थोडं देते, ती लोक पाळतात खोंडासाठी. औत गेलं, आता शर्यतही गेली तर खोंड कुणाला हवा, आणि गाय तरी कोण ठेवील? जात संपेल. मी हे तावातावानं बोलले, टाळ्या मिळाल्या. आजही त्यातला एकेक शब्द मला पटतो. पण त्या व्यासपीठावरच्या बाईला मला विचारावंसं वाटतं, की जात टिकवायची म्हणून जन्माला घातलेल्या हरण्याला तू काय सांगशील? तिच्याकडं उत्तर नव्हतं, आणि तिला कुणी विचारलंही नाही.

२०१४ च्या त्या निकालात म्हटलं होतं की बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही. घरी दादा या वाक्यावर भयंकर चिडला. आमचा बैल मोकळा सोडला तरी पळतो, आत्ता दाखवतो, म्हणाला. मोकळा पळतो हे खरं आहे. पराणी लागल्यावर पळतो ते निराळं, हे मला त्याला सांगायचं होतं. फोन ठेवला.

आणि तुमच्यावरही माझा राग आहे, तो लपवत नाही. जो चहा हातात घेऊन तुम्ही मला बैलांचं विचारता, त्यातल्या दुधासाठी जी संकरित गाय व्याली तिचा गोऱ्हा कुठं गेला, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे? दुष्काळात छावणीत दावणीला बसून जनावरं जगवणारी माणसं मी बघितली आहेत. बंदीची सात वर्षं दादानं दोन बैल एक पैशाच्या कमाईशिवाय पोसले. त्यांचा खुराक कमी केला नाही, मुलीच्या क्लासची फी दोनदा थकवली. या माणसाला क्रूर म्हणताना जरा थांबा. मी हे मनापासून म्हणते. आणि हे म्हणून झाल्यावरही तुमचा प्रश्न जागच्या जागी असतो, तेही मला दिसतं.

मग उत्तर: होय, त्रास होतो. आम्ही दिला. माया होती म्हणून कमी दिला असंही मला म्हणता येत नाही, कारण बापूंची हरण्यावर माझ्याइतकीच माया होती आणि आर त्यांच्याच हातात होती.

शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा २०१७ चा, आणि सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं तो मान्य केला १८ मे २०२३ ला. चाबूक, पराणी, शॉक काही चालत नाही. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पळायच्या आधी डॉक्टरांची तपासणी, मैदानाचं चित्रीकरण. दादाला हे जाचाचं वाटतं. मला वाटतं, २०११ मध्ये बाभळीखाली एक परका डॉक्टर उभा असता तर अण्णांना मला विचारावंच लागलं नसतं. पण सगळीकडं तपासणी नीट होते आणि सगळ्यांचे हात रिकामे असतात, असं मी सांगणार नाही. मी स्वतः एका मैदानात चाकोरीच्या लांबच्या टोकाला, जिथं गर्दी कमी असते, एका बाहीत काय दडवलं होतं ते बघितलं आहे. ते आमच्या पोरांच्या हातात नव्हतं. हे लिहिताना मला हायसं वाटतं, आणि हायसं वाटतं याची लाजही वाटते.

आता छकड्यावर माझा भाचा असतो, एकोणीस वर्षांचा. नुसत्या आवाजावर पळवतो, ओरडून ओरडून त्याचा घसा चार दिवस बसलेला असतो. शर्यत सोडून दे असं मी त्याला म्हणू शकत नाही. मनात दोनदा आलं होतं. मी म्हणाले तर तो कदाचित ऐकेल. मग गोठ्यातल्या त्या दोघांचं काय, हे मला सांगता येत नाही. २०१५ नंतर तर मुळीच नाही. आणि खरं सांगायचं तर दर मैदानाला निकालाच्या फोनची मी अजूनही वाट बघते.

त्याला हरण्याची गोष्ट मी दोन वर्षांपूर्वी सांगितली, टेम्पोसकट. तो काही बोलला नाही. तेव्हापासून मैदानाच्या आदल्या संध्याकाळी फोनवर व्हिडिओ येतो. बैल चालताना समोरून, मागून, मग एकेक पाय उचलून खुरं. आवाज येतो, “आत्या, बघ.” गेल्या आठवड्यात आला तेव्हा मी पेपर तपासत होते. तीनदा बघितला. तिसऱ्यांदा बघून लिहिलं, “उजवा पुढचा परत दाखव. हात लावून सांग, ऊन लागतो का.”

दहा मिनिटं काही आलं नाही. मग आलं, “आत्या, थोडा लागतोय. पण चालतोय नीट. काय करू?”

मी लिहिलं, “जुंपू नकोस.” त्यानं ते वाचलं. उद्या मैदान आहे, पैऱ्याची माणसं येऊन बसली आहेत, एवढंच त्याचं उत्तर आलं, आणि मी गाडीची किल्ली शोधायला लागले.