आमची वाटचाल: दोन टिपर गेले, टेलिहँडलर आला

आमचं घर गोव्यातल्या डिचोलीचं. खाणी जोरात होत्या त्या काळात आमच्या बाजूला ज्याच्या अंगणात जागा होती त्याच्याकडे खनिज वाहायचा टिपर ट्रक होता, आमच्याकडे दोन होते. बाबांनी एक घेतला, मी कॉलेज सोडून दुसरा घेतला, दोन्ही बँकेच्या कर्जावर. मग २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, आणि दोन्ही टिपर अंगणात उभे राहिले ते राहिलेच. टायरवर शेवाळ धरलं होतं. हप्ता मात्र दर महिन्याला येत होता. मध्ये थोडं सुरू झालं तेव्हा लोकांनी परत आशा धरली, पण आम्ही तोवर एक टिपर विकून टाकला होता आणि मार्च २०१८ मध्ये परत सगळं बंद पडलं तेव्हा दुसराही नव्हता. देवाची कृपाच म्हणायची.

टेलिहँडलर मी पहिल्यांदा वेर्णेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका शेडच्या कामावर बघितला. पुढे फोर्क (माल उचलायचे लोखंडी दात), मध्ये लांब सरकणारा बूम म्हणजे मशीनचा हात, चार मोठी चाकं, आणि जे काम करायला एक क्रेन, एक फोर्कलिफ्ट आणि दहा माणसं लागली असती ते तो एकटा करत होता. घरी येऊन भावाला सांगितलं, टिपर आता नको, हे घेऊया. इंग्लंडमध्ये जेसीबी कंपनीने लोडऑल या नावाने हे मशीन १९७७ साली आणलं, तिकडे शेतात गवताचे गठ्ठे रचायलासुद्धा हेच वापरतात. आपल्याकडे मात्र अजून कितीतरी साइटवर लोक याला क्रेन म्हणतात, कोणी लांब जेसीबी म्हणतो, आणि अर्धा घोटाळा तिथेच होतो, कारण क्रेन समजून काम सांगतात आणि जेसीबी समजून चालवतात.

पहिलं मशीन सेकंडहँड घेतलं, तीन टन आणि सात मीटरवालं. या मशीनच्या नंबरातच बरंच काही असतं, पहिला ५ सोडला तर ५३०-७० म्हणजे ३.० टन आणि ७.० मीटर. गिऱ्हाईक हाच नंबर वाचतं आणि म्हणतं तीन टन सात मीटरवर ठेवून दे. मीही सुरुवातीला तसंच समजत होतो, खोटं कशाला सांगू. तीन टन उचलेल ते बूम आत असताना, जवळ. सात मीटर जाईल ते वर, हलकं वजन घेऊन. बूम पूर्ण पुढे काढला की तेच तीन टनाचं मशीन साधारण टन-सव्वा टनावर येतं, मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो, तो केबिनमधल्या लोड चार्टवर, म्हणजे बूम किती बाहेर असताना किती वजन चालेल त्या तक्त्यावर, लिहिलेला असतो. बाजारातली तागडी डोळ्यासमोर आणा. मधला काटा म्हणजे पुढचा ॲक्सल, एका पारड्यात माल आणि दुसऱ्या पारड्यात मशीनचं स्वतःचं वजन. माल जितका काट्यापासून लांब जाईल तितका तो जड होत जातो, किलोने नाही तर अंतराने.

हे मला कोणी शिकवलं नाही, एका दुपारी साइटवर कळलं. म्हापशाच्या बाजूला एक बिल्डिंग चालली होती, दुसऱ्या स्लॅबवर एएसी ब्लॉक (भिंतीचे हलके, सच्छिद्र सिमेंट ब्लॉक) चढवायचे होते. ऑक्टोबर महिना, रात्री पाऊस पडून गेलेला, आणि पॅलेटवर, म्हणजे ब्लॉक रचलेल्या फळ्यांच्या पाटावर, ताडपत्री नव्हती. एएसी ब्लॉक हलका हलका म्हणून आपण घेतो पण तो स्पंजसारखा पाणी पितो, कोरड्या पॅलेटचं वजन हिशोबात धरून ओलं पॅलेट उचललं तर शे-दोनशे किलोचा फरक सहज पडतो. आमच्या ऑपरेटरने पॅलेट वर नेलं, नीट गेलं. वरचा मुकादम म्हणाला इथे नको, खाली घे, दुसऱ्या बाजूने दे. ऑपरेटरने मशीन थोडं मागे घेतलं आणि बूम तसाच लांब ठेवून खाली आणायला लागला.

इथे जरा थांबून सांगतो कारण या एका गोष्टीसाठीच हे सगळं लिहायला बसलोय. बूम उभा असतो तेव्हा माल मशीनच्या जवळ असतो. लांबी तीच ठेवून बूम खाली आणला की माल नुसता खाली येत नाही, तो पुढेही जातो, घड्याळाचा काटा बारावरून तीनवर यावा तसा. म्हणजे वर नेताना जे वजन पेललं तेच खाली आणताना पेलत नाही. आधी बूम आत घ्यायचा, मग खाली. नेहमी याच क्रमाने. आमच्या पोराने उलटं केलं, मागची चाकं वीतभर उचलली, पॅलेट फोर्कवरून घसरून खाली गेलं, वजन गेल्याबरोबर मशीन धाडकन परत चाकांवर बसलं. जेवणाची वेळ होती म्हणून खाली माणूस नव्हता. ब्लॉकचा नुसता चुरा झाला. ज्या जागेवर तो पडला तिथे पाच मिनिटं आधी दोन बायका घमेली घेऊन उभ्या होत्या, हे मला नंतर सुपरवायझरने सांगितलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन यार्डात आणून उघडलं. ओव्हरलोडची सूचना देणारा बझर होता, पण त्याची वायर कापलेली. आधीच्या मालकाकडे कापली होती की कोणी नंतर कापली ते आता सांगता येणार नाही, पण मशीन माझ्या नावावर होतं आणि मी ते कधी तपासलं नव्हतं. इंजिन, ऑइल, टायर, रंग सगळं बघून घेतलं होतं, बझर वाजतो का हे नाही बघितलं. ती चूक माझीच.

तिथून आमचा धंदा बदलला असं मी मानतो. भाऊ म्हणाला मशीनला एक वही लावूया, लाल कव्हरची वही आणली आणि आजही तशाच वहीत लिहितो. सकाळी चावी लावायच्या आधी ऑपरेटर मशीनभोवती एक फेरी मारतो, पंधरा मिनिटं, आणि ती पंधरा मिनिटं हायरमध्ये म्हणजे भाड्याच्या वेळेत धरलेली असतात, गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. टायरचा काप, हवा, व्हील नट (हवा कमी असली तर वर सहा मीटरवर मशीन झुलतं, हे खाली उभं राहून कळत नाही). फोर्कच्या कोपऱ्यात, जिथे तो वळतो तिथे, चीर आहे का, झीज किती. फोर्कची जाडी दहा टक्के कमी झाली की ताकद वीस टक्क्यांच्या आसपास कमी होते, म्हणजे ५० मिलिमीटरचा फोर्क ४५ वर आला की तो भंगारात, वेल्डिंग करून परत लावायचा नाही. फोर्क बूमला जोडणाऱ्या क्विक हिचची पिन पूर्ण बसून लॉक झालीय का ते खाली उतरून डोळ्यांनी बघायचं. होज पाइप, लीक, आणि लीक शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा, कारण हायड्रॉलिकचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं आणि वरून नुसता ठिपका दिसतो, अशा माणसाला घरी नाही पाठवायचं, लगेच हॉस्पिटलला न्यायचं. मग ब्रेक, हॉर्न, रिव्हर्सचा आवाज, आरसे, सीटबेल्ट, आणि शेवटी ओव्हरलोडच्या इंडिकेटरची टेस्ट. लोड चार्ट पुसट झाला असेल तर मशीन बाहेर जात नाही. लोकांना हे जास्तीचं वाटतं पण चार्ट वाचता येत नसेल तर ऑपरेटर काय अंदाजाने उचलणार?

वही भरणं सोपं होतं, अवघड होतं ते दुसरंच. ऑपरेटर साइटवर एकटा असतो, कॉन्ट्रॅक्टर ओरडत असतो, इंजिनियर म्हणतो काल दुसऱ्या मशीनने केलं तू का नाही, आणि पोरगा विचार करतो नाही म्हटलं तर हायर जाईल, पात्रांव (मालक) रागावेल. म्हणून आम्ही ठरवलं की सेफ्टीसाठी काम नाकारलं तर ऑपरेटरचा पूर्ण दिवस भरायचा, भत्त्यासकट, आणि कॉन्ट्रॅक्टरशी मी बोलायचं, त्याने नाही. पहिल्या वर्षी दोन गिऱ्हाइकं गेली. एकाने तर फोनवर सांगितलं की तुम्ही मशीन भाड्याने देता की प्रवचन. गेली तर गेली. त्यातलं एक नंतर परत आलं.

पुढे पेडण्याकडे कामं वाढली, मोपाच्या विमानतळामुळे धारगळ, तुये सगळीकडे बांधकाम निघालं, आणि आम्ही दुसरं मशीन घेतलं, यावेळी नवीन, तीन भागांचा बूम आणि पुढे स्टॅबिलायझरचे, म्हणजे मशीन स्थिर ठेवायला जमिनीवर टेकवायचे, पाय असलेलं. याच्यात मर्यादेजवळ गेलं की दिवे हिरव्यावरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून लाल होतात आणि मशीन स्वतःच थांबतं, फक्त बूम आत घ्यायला देतं. फार चांगली सोय आहे. पण एक गोष्ट ऑपरेटरांना मी दर महिन्याला परत सांगतो, की हा सेन्सर मागच्या ॲक्सलवरचं वजन बघतो, म्हणजे पुढे पलटायची भीती सांगतो, आडवं पलटायची नाही. मशीन एका बाजूला कललेलं असेल तर दिवा हिरवाच राहील आणि मशीन तरी आडवं जाईल. शिवाय तो दिवा मशीन उभं असताना, सपाट घट्ट जमिनीवर असताना भरवशाचा. माल वर धरून चालवताना नाही. म्हणून चालताना बूम आत, माल जमिनीपासून फूटभर, आणि उचलायच्या आधी मशीन लेव्हलला.

आणि सपाट घट्ट जमीन गोव्यात शोधावी लागते. वर लाल माती कडक दिसते, खाली परवाच टाकलेला भराव असतो. जुना सोक पिट (शोषखड्डा), नुकतीच बुजवलेली पाइपलाइन, खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल जमिनीच्या) कडेची जागा, पायाखाली काय आहे ते विचारल्याशिवाय स्टॅबिलायझर टेकवायचा नाही, आणि टेकवला तरी खाली जाड फळी पाहिजे. चिऱ्यांचा कडा जवळ असेल तर लांब राहायचं. नवीन साइटवर मी किंवा भाऊ आदल्या दिवशी जाऊन चालून येतो, वर विजेच्या तारा कुठून जातात तेही बघतो. तार लागलीच तर ऑपरेटरने केबिनमधून उतरायचं नाही, लाइन बंद होईपर्यंत आतच बसायचं आणि बाकीच्यांना लांब ठेवायचं.

उजव्या बाजूचंही सांगायला हवं. केबिन डावीकडे असते, बूम खाली असला की उजवीकडचं जवळजवळ काही दिसत नाही. झारखंडकडचा एक पोरगा कानात इअरफोन घालून तिकडून आला होता, सिग्नलवाल्याने शिट्टी मारली म्हणून वाचला. त्या दिवसापासून सिग्नलमन नसेल तर मशीन चालू होत नाही, आणि तो साइटचा माणूस असला तरी आमचा ऑपरेटर त्याच्याशी खुणा आधी ठरवून घेतो.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते माणूस वर चढवण्यावरून. जत्रेची लायटिंग, नारळ, गटर साफ करायचं, पेंटर म्हणतो दोनच मिनिटं, पॅलेटवर उभा राहतो. नाही. ओळखीचा असला तरी नाही, मामा असला तरी नाही (मामाने विचारलं होतं, चवथीच्या आधी छपराची कौलं चाळायला). माणसासाठी कंपनीचा वेगळा पिंजरा येतो जो मशीनच्या कंट्रोलला जोडलेला असतो, आमच्याकडे तो नाही, म्हणून आमचं मशीन माणूस उचलत नाही.

वेर्णे, कुंडईच्या फॅक्टऱ्यांमध्ये काम घ्यायला लागलो तेव्हा कागद लागले. तेव्हा लागू असलेल्या फॅक्टरीज ॲक्ट १९४८ च्या कलम २९ मध्ये उचलण्याच्या यंत्रांची बारा महिन्यांतून एकदा तरी कॉम्पिटंट पर्सनकडून (मान्यताप्राप्त तपासनीसाकडून) पूर्ण तपासणी सांगितली होती, हे मला एका फॅक्टरीच्या सेफ्टी ऑफिसरने समजावलं. तोवर मी सर्टिफिकेट म्हणजे गेटवर दाखवायचा कागद समजत होतो. पहिल्यांदा तपासणीला आलेल्या गृहस्थांनी बूम पूर्ण बाहेर काढायला लावून टॉर्चने वेअर पॅड (बूमचे भाग ज्यांच्यावर सरकतात त्या पट्ट्या) बघितले आणि मला बोलावून दाखवलं, लाल धूळ ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी झाली होती, पॅड एका बाजूने खाल्ला होता. त्यानंतर जुनं ग्रीस पुसल्याशिवाय नवीन लावायचं नाही असा नियम झाला. तपासणी करणाऱ्याला चहा देऊन लवकर पाठवणारे मी बघितलेत. मी त्यांना अर्धा दिवस थांबा म्हणतो, शेजारी उभा राहून विचारतो.

आमच्याकडे गंज वेगळाच. कळंगुट-बागाच्या पट्ट्यात दोन महिने मशीन उभं राहिलं तर खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे होतात आणि सेन्सर उगाच लाल दाखवायला लागतो, मग ऑपरेटरला त्या दिव्याची सवय होते, तो खरा लाल आला तरी तसंच समजतो. खोटा अलार्म वाजला की त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन, दुसऱ्या दिवशी नाही.

सध्या पाऊस आहे, दोन्ही मशीन शेडमध्ये आहेत. उंदरांनी जुन्या मशीनची वायरिंग दोन ठिकाणी कुरतडली ती काल बदलली. नवीन मशीनच्या बूममधली, बूमचे भाग आत-बाहेर ओढणारी चेन आता खोलायची आहे. तीनशे मिलिमीटरमध्ये नऊ मिलिमीटर, म्हणजे ३ टक्के लांबली की चेन बाद, काही कंपन्या २ टक्क्यालाच काढायला सांगतात म्हणून मॅन्युअल उघडून ठेवलंय. गेल्या वर्षी लाल वहीत चार मिलिमीटर लिहिलं होतं. ऑपरेटर विजापूरहून उद्या सकाळच्या बसने येतोय, तो आल्यावर त्याच्या हातानेच मोजणार आहोत.