आतला पॅड

ब्रेकची तक्रार घेऊन आलेली माणसं बहुतेक वेळा आवाजाची नक्कल करून दाखवतात, आणि त्या नकलेतच निम्मं निदान असतं. त्या दिवशी आलेल्या ताईंनी दोन आवाज काढून दाखवले. आधी बारीक 'चींऽऽ', मग जाडा 'खर्रर्र'. पहिला बरेच आठवडे येत होता. तो थांबला आणि दुसरा सुरू झाला. ते ऐकून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"पॅड बघून झालेत, दादा," त्या म्हणाल्या. "भरपूर जाड आहेत म्हणाले. ब्रेक ऑइल तेवढं कमी होतं, ते भरून दिलंय." दुसऱ्या दिवशी पहाटे घरच्यांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचं होतं, म्हणून जाता जाता एकदा दाखवून घेऊ म्हणून आल्या होत्या.

ऑइल भरल्याचं ऐकून माझी शंका वाढली. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमटतात. त्यांना धरणारा चिमटा म्हणजे कॅलिपर आणि त्यातला दाबणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. पॅड झिजत जातो तसा पिस्टन कॅलिपरमधून पुढे सरकतो, त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढतं आणि वरच्या डबीतली पातळी उतरते. कुठे गळती नसताना पातळी खाली गेली, तर आधी पॅड तपासायचे. नुसतं ऑइल ओतलं की ही खूण पुसली जाते. शिवाय ब्रेक दाबला की स्टिअरिंग उजवीकडे ओढतंय, असंही त्या बोलता बोलता सांगून गेल्या. याचा अर्थ डावं चाक आपल्या वाटणीचं काम करत नव्हतं.

टॉर्च घेऊन चाकाच्या फटीतून पाहिलं. बाहेरचा पॅड खरंच चांगला होता, 7-8 मिलिमीटर सहज असेल. नव्या पॅडवर साधारण 10 ते 12 मिलिमीटर मटेरियल असतं आणि 3 वर आलं की बदलायचं. म्हणजे आधी बघणाऱ्याने जे दिसलं ते बरोबरच सांगितलं होतं. पण डाव्या रिमवर बसलेली धूळ बोटावर घेतली तर नेहमीच्या काळ्या भुकटीत बारीक चमक होती. लोखंडाची.

नट जमिनीवरच सैल केले, गाडी वर घेतली, खाली स्टँड लावला. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीला मी कुणाला हात लावू देत नाही, घाई कितीही असो. चाक निघालं आणि आतला पॅड दिसला. पॅड कसला, मागची लोखंडी पट्टीच उरली होती. मटेरियल संपलेलं. पॅड संपत आल्याचं ओरडून सांगणारी पत्र्याची जीभ घासून घासून गायब झाली होती, म्हणून 'चीं' बंद पडलं होतं. डिस्कची बाहेरची बाजू गुळगुळीत, आतल्या बाजूला गोल चरे, इतके खोल की नख अडकत होतं.

ताईंना बोलावून दोन्ही पॅड शेजारी शेजारी ठेवून दाखवले. "हे दोन्ही एकाच चाकाचे?" त्यांनी दोनदा विचारलं.

कारण कॅलिपरच्या पिनमध्ये होतं. या प्रकारच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला, आत असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच रेट्याने अख्खा कॅलिपर पिनवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. इथे खालच्या पिनचं रबर फाटून पाणी शिरलं होतं आणि पिन गंजून जाम झाली होती. कॅलिपर सरकेना, त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर पडला. नुसते नवे पॅड घातले असते तर तेही असेच एका बाजूने संपले असते. पिन न बघता पॅड बदलणं मला अर्धवट काम वाटतं.

मदतीला असलेला पोरगा कॅलिपर सोडवून पाइपवर लोंबकळत सोडणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. त्या रबरी पाइपमधूनच ब्रेकचा सगळा दाब जातो. तो ताणाने आतून फाटला तर वरून दिसतही नाही. तारेने कॅलिपर स्प्रिंगला बांधून घेतला.

डिस्क मोजली तर तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली गेली होती. मग दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि चारही पॅड नवे. ब्रेकचं काम एका बाजूचं करायचं नसतं, नाहीतर गाडी पुन्हा ओढते. हबवरचा, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या भागावरचा, गंज ब्रशने खरवडून काढला, कारण तिथे खपली राहिली की डिस्क किंचित वाकडी बसते आणि पुढे पॅडल पायाखाली थरथरतं. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल पुसून काढलं. पिन आणि रबर नवी, ग्रीस सिलिकॉनचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिस्टन मागे दाबण्याआधी डबीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढून घेतलं. वरून भरलेलं ते ऑइल उतू गेलं असतं, आणि ते रंगावर सांडलं तर रंग उठतो.

चाकं बसवली, नट टॉर्क पान्याने आवळले. गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट लागेपर्यंत पंप केलं. पहिल्या दाबाला ते खालीच जातं, आणि हे विसरून गाडी काढली तर समोरची भिंतच गाडी थांबवते.

रिकाम्या रस्त्यावर ताईंनाच चालवायला बसवलं. 50 च्या वेगावरून हलक्या, सलग ब्रेकने 10 पर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं चालवून डिस्क गार होऊ द्यायची. असं बऱ्याचदा केलं. पॅडचं मटेरियल डिस्कवर एकसारखं बसायला हे लागतंच. स्टिअरिंग आता सरळ राहत होतं.

"उद्या निघू ना?" त्यांनी विचारलं. निघा म्हटलं, पण पहिले 300 किलोमीटर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा, गरज नसताना करकचून ब्रेक मारू नका, उतारावर खालचा गिअर टाका. पुढच्या सर्व्हिसला चारही चाकं काढून आतले पॅड मोजायचे, हे त्यांच्या गाडीच्या कार्डावर लिहून सही केली.