दुपारी तीनला पेंगणारा ब्रश

"तीन वाजले की हा पेंगायला लागतो बघ," ताई म्हणाल्या. हा म्हणजे चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधला ब्रश. आमच्या स्टुडिओत त्या सगळ्यात अनुभवी चित्रकार, आणि संगणकांची दुखणी बघायचं काम माझ्याकडे. सकाळी रेघ पेनाच्या टोकाला चिकटून चालायची. दुपारी पेन पुढे आणि रेघ मागून फरपटत, असा प्रकार. सॉफ्टवेअर बंद करून तीच फाइल पुन्हा उघडली की अर्धा तास बरं, मग परत तेच.

मी आधी नेहमीच्या संशयितांना धरलं. मशीन तापतंय का? ते पटेना, कारण तापलेल्या मशीनवर नुसतं सॉफ्टवेअर बंद-चालू केल्याने फरक पडला नसता. टॅब्लेटचा ड्रायव्हर, म्हणजे पेनाची हालचाल संगणकाला कळवणारा प्रोग्राम? माउसनेही रेघ तशीच रखडत होती, म्हणजे पेन निर्दोष. ऑटोसेव्ह दर दहा मिनिटांनी दोन-तीन सेकंद अडवायचं खरं, पण ती उचकी झाली. ताईंची तक्रार सततच्या धापेची होती. मोठ्या ब्रशचं स्पेसिंग, म्हणजे त्याच्या ठशांमधलं अंतर, थोडं वाढवून पाहिलं. ब्रशवर आळ घेण्याची मला वाईट खोड आहे. ताईंनी दोन फटकारे मारले, पोत बिघडल्याचं सांगितलं आणि सेटिंग स्वतःच पूर्ववत केलं.

मग मेमरी. चित्र ७००० × ५००० पिक्सेलचं, म्हणजे साडेतीन कोटी पिक्सेल. तीन रंग आणि पारदर्शकता, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे एका पिक्सेलला ८ बाइट लागतात. चित्र एकावर एक ठेवलेल्या थरांचं, म्हणजे लेअरचं, बनतं; काठोकाठ रंगवलेला एकच लेअर २८० एमबीचा झाला. लेअर अडतीस होते, पण बरेचसे विरळ, आणि रिकाम्या भागाला हे सॉफ्टवेअर जागा देत नाही. पूर्ण भरलेले नऊ-दहा धरले तरी अडीच-तीन जीबी. मशीनमध्ये ३२ जीबी रॅम, त्यातली १६ जीबी सॉफ्टवेअरला दिलेली. एवढ्यात आरामात भागायला हवं होतं.

राहिला अनडू, म्हणजे केलेलं एकेक पायरी मागे घेण्याची सोय. तो २०० पायऱ्यांवर होता. "तीसवर आणू या," मी म्हणालो. ताईंनी पेन खाली ठेवलं. "तीस पायऱ्या म्हणजे एक पापणी. पापणी बिघडली तर मी जाऊ कुठे?"

त्यांचं बरोबर होतं. शिवाय एका रेघेचा अनडू खातो किती? रेघ जिथून गेली तेवढेच तुकडे जपून ठेवायचे असतात. अशा दोनशे रेघांनी १६ जीबी भरणं मला पटत नव्हतं. म्हणून दुसऱ्या पडद्यावर मेमरीचा आलेख लावला आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून नुसता बसलो. हे काम मी सकाळीच करायला हवं होतं.

पंधरा मिनिटं आलेख जवळजवळ सपाट. मग एकदम एक उंच पायरी. दोन-चार सेकंदांत दुसरी. पुन्हा सपाट. पुढच्या जोडीच्या वेळी मी म्हणालो, "ताई, थांबा. आत्ता काय केलंत?"

"काही नाही. उलटं करून पाहिलं."

चित्र आडवं उलटं केलं, आरशात पाहिल्यासारखं, की सरावलेल्या डोळ्याला न दिसणाऱ्या चुका दिसतात. एक डोळा वर सरकलेला असतो, खांदा कललेला असतो. बरेच चित्रकार हे करतात, ताई दर दहा-पंधरा मिनिटांनी करायच्या. फक्त त्यांचा शॉर्टकट 'इमेज' मेनूतल्या आज्ञेला जोडलेला होता, 'व्ह्यू' मेनूतल्या नव्हे. व्ह्यूमधली आज्ञा पडद्यावर दिसणारं तेवढं उलटवते, पिक्सेलला हात लावत नाही. इमेजमधली प्रत्येक लेअरचा प्रत्येक पिक्सेल खरोखर हलवते, आणि आमचं सॉफ्टवेअर आधीची अवस्था अख्खीच्या अख्खी अनडूत ठेवत होतं. उलटं करायला अडीच-तीन जीबी, सुलटं करायला पुन्हा तेवढीच. अनडू पायऱ्या मोजतो, त्यांचं वजन करत नाही. पापणीची रेघ ही एक पायरी, अख्खं चित्र उलटणं हीसुद्धा एकच.

दोन-तीन वेळा उलट-सुलट केलं की १६ जीबी संपायची आणि उरलेला पसारा डिस्कवर लोटला जायचा. तिथून पुढे प्रत्येक रेघ डिस्कच्या गतीने चालायची. तो अर्धा तास असा जुळला. आणि सकाळी त्रास का नाही? सकाळी कच्चं रेखाटन असायचं, मोजके, विरळ लेअर. तेव्हा उलटं करणं जवळजवळ फुकट. घड्याळाचा यात काही संबंधच नव्हता. तीनच्या सुमाराला पार्श्वभूमी भरून व्हायची, एवढंच.

शॉर्टकट बदलायला अर्धं मिनिट लागलं. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं आणि ताई सहापर्यंत रंगवत बसल्या. अनडू २०० वरच ठेवला. आलेख हळूहळू चढला, पण पायरी एकही नाही.

निघताना ताईंनी विचारलं, "म्हणजे व्ह्यूमधून उलटं केलं आणि विसरून तसंच सेव्ह केलं, तरी फाइल सुलटीच राहणार?"

"हो."

"मग मागच्या महिन्यातल्या त्या चित्राचं कळलं," त्या म्हणाल्या. "लेखकाने विचारलं होतं, माझा नायक डावखुरा कधी झाला? मी म्हटलं, रचनेची गरज होती."